गॅस गिझर, रेडिओ, टॉर्च: मोठे सेल वापरून पाहिल्यावर

आमच्याकडे जाडे, मोठे सेल अजूनही तीन ठिकाणी लागतात. बाथरूमबाहेरचा गॅस गिझर, आईचा रेडिओ आणि गावच्या घरातली स्टीलची टॉर्च. दिवाळीपासून तिन्हींत वेगवेगळ्या जातीचे सेल घालून पाहतोय, आता पावसाळाही सरत आला.

साधा सेल (वेष्टनावर आर २०) आणि अल्कलाइन (एलआर २०) आकाराने सारखेच, दोन्ही १.५ व्होल्टचे. हातात घेतलं की फरक कळतो. साधा १०० ग्रॅमच्या आतबाहेर, अल्कलाइन १४०च्या आसपास. किमतीतला फरक मात्र हातात न घेताच कळतो. एका अल्कलाइनच्या पैशांत चारेक साधे येतात.

खरी परीक्षा गिझरमध्ये. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला स्विच दाबला जातो, ठिणग्या पडतात, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि आंघोळ होईपर्यंत तो उघडा धरायचं कामही या दोन सेलांकडेच. साधे सेल घातले की सुरुवातीला झकास. मग टक-टक-टक मंदावते. नाशिकच्या थंडीत तर जास्तच, कारण गारठ्यात सेलातली रासायनिक क्रिया संथ होते. (पूर्वी सेल उन्हात ठेवायचे त्याचंही इंगित हेच. भरत काही नाहीत, ऊब मिळाल्याने थोडा वेळ तरतरी येते.) शेवटी गिझर पेटून मध्येच विझतो आणि डोक्याला साबण लावलेला माणूस आतून ओरडतो.

गंमत अशी, की तेच सेल काढून मल्टिमीटरला लावले तर १.३ व्होल्ट दाखवतात. भार नसताना ठीक, भार आला की बसतात. रेडिओ मात्र अगदी थोडी वीज ओढतो. गिझरने टाकलेल्या जोडीवर आईच्या सकाळच्या बातम्या पुढे कितीतरी दिवस चालल्या. आता आमच्याकडे क्रमच ठरलाय: गिझरमध्ये नवे अल्कलाइन, तिथून उतरले की रेडिओत. अल्कलाइन महाग वाटतात, पण गिझरपुरते तेच परवडतात. थंडीत घातलेली जोडी अजून कुरकुरलेली नाही.

रिचार्जेबलही आणून पाहिले. ते १.२ व्होल्टचे, म्हणजे दोन मिळून २.४. आमच्या गिझरमध्ये ठिणगी पडते, व्हॉल्व्ह काही धरत नाही. टॉर्चला चालतात. पण घेताना वजन बघा आणि एमएएच (सेलात किती वीज मावते तो आकडा) वाचा. अस्सल मोठ्या सेलावर ८,००० ते १०,००० लिहिलेलं असतं. २,५०० लिहिलेला हलका सेल हाती आला तर समजा, मोठ्या डब्यात पेन्सिल सेल बसवलाय.

टॉर्चचा प्रश्न वेगळा. ती वर्षभर फडताळात पडून असते आणि लाइट गेले की सगळे तिच्यावर झडप घालतात. साध्या सेलाचं जस्ताचं कवच हाच त्याचा ऋण ध्रुव. वापरात तेच झिजतं, भोक पडलं की आतला रस बाहेर. अल्कलाइनही पडून राहिला की पाझरतो. तळाच्या स्प्रिंगवर पांढरी, खरखरीत बुरशीसारखी साय धरते. तो अल्कलीचा क्षार असतो, नुसत्या हाताने खरवडू नका. हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसला की निघतो. आता सेल टॉर्चच्या शेजारी वेगळ्या डबीत ठेवतो. अंधारात ते घालायला जरा चाचपडावं लागतं, तेवढं सोसायचं.

एक जुना, एक नवा अशी जोडी लावायचा मोह आवरा. नव्याच्या जोरावर जुना नको इतका पिळला जातो आणि पाझरतो.

आणि गिझर बाथरूमच्या आतच बसवलेला असेल, तर सेलांचं नंतर बघा. आधी तो बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.