मऊ लूरच्या साच्यासाठी टिन-क्युअर सिलिकॉन: बडोद्याच्या हवेत कसं वागतं

मरळीसाठी रबरी अळ्या नि शेपटीवाले मासे, म्हणजे गळाला लावायची मऊ खोटी आमिषं (लूर), घरी ओतायचे तर आधी साचा हवा. मूर्तिकाम आणि मेणबत्तीवाले वापरतात ते दोन भागांचं टिन-क्युअर (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारं) सिलिकॉन या कामाला उत्तम आहे. एक किलोचा डबा आणि सोबत ते घट्ट करणाऱ्या हार्डनरची छोटी बाटली, असं ते मिळतं. प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा महाग पडतं, पण लूरचे खवले, डोळा, शेपटीची पातळ कड यातलं काहीही सुटत नाही. प्लास्टरला आधी पूर्ण वाळवून सील करावं लागतं, आणि आत ओल राहिली तर गरम प्लास्टिसॉल (ज्याचं लूर ओततात ते द्रव प्लास्टिक) त्यावर पडताच उकळल्यासारखं फसफसतं. पावसाळ्यात बडोद्यात प्लास्टर वाळायची वाट बघणं म्हणजे शिक्षाच.

घेताना प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमने घट्ट होणारं) घेत नाही ना, एवढं बघा. तेही चांगलंच असतं, पण नमुना, म्हणजे ज्याची नक्कल करायची ते मूळ लूर, गंधक असलेल्या मॉडेलिंग क्लेमध्ये बसवला किंवा लेटेक्सचे हातमोजे लागले, तर तिथे ते चिकटच राहतं. टिनवालं इतके नखरे करत नाही.

दहा सेंटीमीटरच्या लूरच्या उघड्या, एका बाजूच्या साच्याला 12×4×2 सेंटीमीटरची चौकट पुरते. आकारमान 96 घन सेंटीमीटर, घनता 1.15 धरली तर साधारण 110 ग्रॅम सिलिकॉन, म्हणजे एका डब्यात असे नऊ साचे. हार्डनर 3 टक्के असेल तर 3.3 ग्रॅम. हे थेंब मोजून करू नका, 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. बहुतेकांचे साचे इथेच बिघडतात: कमी पडलं तर तळ चिकट राहतो, जास्त झालं तर साचा ठिसूळ होतो आणि शेपटीपाशी फाटतो. टक्केवारी कंपनीगणिक बदलते, डब्यावरची पाळा.

वजन करण्याआधी डबा तळापासून ढवळा, कारण सिलिकॉनमध्ये मिसळलेली पूड (भराव) खाली बसलेली असते. हार्डनर घातल्यावर कडा नि कोपरे खरवडत तीन मिनिटं मिसळा, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा मिसळा. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेला थर राहतोच. नमुन्यावर आधी ब्रशने पातळ हात द्या आणि उरलेलं एका कोपऱ्यात, उंचावरून, बारीक धारेने सोडा. व्हॅक्यूम पंप नसला तरी बुडबुडे या धारेतच फुटतात. मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा गेला की ते फार लवकर घट्ट होतं, सकाळी ओता. दमट हवेतही वेग वाढतो.

दोन भागांचा साचा करताना पहिल्या अर्ध्यावर व्हॅसलीनचा पातळ थर विसरलात, तर दोन्ही अर्धे कायमचे जोडले जातील. सिलिकॉन दुसऱ्या कशाला फारसं चिकटत नाही, स्वतःला मात्र घट्ट धरतं. ओतायच्या तोंडासोबत शेपटीच्या टोकाला हवा निघायची बारीक वाट ठेवा, नाहीतर शेपटी अर्धवटच भरेल.

चोवीस तासांनी नमुना काढता येतो, पण लगेच प्लास्टिसॉल ओतू नका. या सिलिकॉनमधून जमताना अल्कोहोल सुटतं. दोन दिवस हवेवर ठेवलं नाही तर लूरच्या अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. प्लास्टिसॉल 175 अंशांच्या आसपास दुधाळ रंग सोडून पारदर्शक होतं. त्यापुढे तापवलं की पिवळं पडतं आणि घातक धूर सोडतं, म्हणून गच्चीवर, स्वयंपाकाची भांडी न वापरता. सिलिकॉन उष्णता धरून ठेवतं. लूर बाहेर काढायला पाचेक मिनिटं थांबा.

शिशाचं जिग-हेड (हुकावर ओतलेलं वजनाचं डोकं) मात्र यात ओतू नका. शिसं 327 अंशांना वितळतं, साधं सिलिकॉन तिथे फार टिकत नाही. त्याला अ‍ॅल्युमिनियमचा साचाच हवा.

उणिवा दोन. सिलिकॉन थोडं आकसतं, म्हणून ज्या नमुन्यात हुकाचा खाचा नेमका बसायला हवा, तो किंचित मोठा करा. आणि साचे आयुष्यभर पुरत नाहीत, काही वर्षांत कडा चिरतात, तेव्हा मूळ नमुना जपून ठेवा. हार्डनरची बाटली हवेतल्या ओलीने खराब होते. पावसाळ्याच्या तोंडावर दोन डबे घेऊन ठेवण्यापेक्षा लागेल तेव्हा एकच आणा.