ताट तेच, मापं वेगळी: आहारतज्ज्ञाच्या पद्धतीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

भाकरी, आमटी-भात, उसळ, ठेचा, ताक यांतलं काहीही बंद न करता घराचा आहार सुधारून देणारी आहारतज्ज्ञ मिळाली, तर तिचा आराखडा जरूर घ्यावा. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत चार माणसांच्या घरात (आजी, नवरा-बायको, शाळकरी मुलगी) ही पद्धत चालवून झाल्यावर मत पक्कं झालंय. पदार्थ बदलावे लागत नाहीत, मापं बदलावी लागतात. आणि तेच अवघड आहे.

आराखड्याला आधार आहे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांचा. २००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिली. ही वजनं कच्च्या मालाची आहेत. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. वाटीभर पातळ वरणात डाळ जेमतेम २० ग्रॅम असते, आणि ‘दोन वेळा वरण खातो’ म्हणणाऱ्या घरात कडधान्याचं माप निम्म्यावरच अडतं. शिवाय वाटी घरोघरी वेगळी. म्हणून पहिला आठवडाभर स्वयंपाकाचा काटा हाताशी ठेवा. एका भाकरीला किती पीठ लागतं, आपल्या वाटीत कोरडी डाळ किती मावते, हे एकदा लिहून ठेवलं की नंतर काट्याची गरज पडत नाही.

मोठ्या माणसासाठी बसलेला हिशोब असा: ६० ग्रॅम पिठाच्या तीन भाकऱ्या, ४० ग्रॅम तांदळाचा भात, ३० ग्रॅमचे पोहे. धान्य संपलं. डाळींसाठी दुपारी मटकी किंवा चवळीची उसळ (४० ग्रॅम कोरडं कडधान्य), रात्री घट्ट आमटी (३० ग्रॅम), उरलेले १५ ग्रॅम थालीपिठातल्या किंवा पिठल्यातल्या बेसनात. मासे-अंडी खाणाऱ्यांनी ३० ग्रॅम डाळीऐवजी एक अंडं किंवा ५० ग्रॅम बांगडा धरावा. दाण्याचं कूट कोशिंबिरीत आणि भाजीत जातंच, फक्त ते मोजायचं. ओल्या नारळाचं वाटण रोज लागणाऱ्या कोकणी घरात मात्र तेल त्या प्रमाणात कमी करावं लागतं, कारण ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांश स्निग्धांश असतो.

सगळ्यात जड जातात भाज्या. चार माणसांना रोज दीड किलोच्या आसपास भाजी म्हणजे खर्चही आणि निवडणं-चिरणंही. मेथीची जुडी निवडल्यावर निम्मीच उरते, हे खरेदी करतानाच लक्षात घ्यायला हवं. एका भाजीवर हे माप पुरं होत नाही. आमटीत शेवग्याच्या शेंगा किंवा दुधी, डाळीत पालक, थालीपिठात किसलेला कोबी, शिवाय दोन्ही वेळा कोशिंबीर, असं विभागलं तर जमतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ वाढताना घालावं. आधी घातलं की पाणी सुटतं, आणि पाणचट कोशिंबीर मुलं बाजूला सारतात.

मुलीच्या बाबतीत आहारतज्ज्ञाने मुलांच्या खाण्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचा नियम लावला: काय, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. ‘पान स्वच्छ कर’ म्हणण्याची सवय असलेल्या घरात हा नियम सर्वांत उशिरा रुजतो, आजीला तर तो अन्नाचा अपमानच वाटतो. त्यावर उपाय एवढाच की पहिल्यांदा चमचाभरच वाढायचं, हवं तर परत. उरत नाही, आणि जबरदस्तीही होत नाही. दात नसलेल्या आजीसाठी वेगळं काही रांधू नये. आमटीत कुस्करलेली भाकरी आणि मऊ शिजवलेली मूगडाळ पुरते.

भाकरीबद्दल एक तक्रार हमखास येते: थापताना मोडते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा आणि गरम पाण्यात मळा.

उपवासाचा विचार आराखड्यात आहे, ही मला सगळ्यात मोलाची बाजू वाटते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. त्याऐवजी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि ताक घेतलं तर उपवासही राहतो आणि संध्याकाळी गळून जायला होत नाही.

चहा जेवणापासून तासभर लांब ठेवायचा, कारण त्यातले टॅनिन लोह शोषू देत नाहीत. पालेभाजीवर मात्र लिंबू पिळा. मिठासाठी पुडीवर नजर ठेवावी: माणशी दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही आलं. हे माप अजून पुरतं साधलेलं नाही.

घरात कुणाला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोस तोच ठेवून भाकरी-भात घटवला तर साखर एकदम उतरू शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळीचं माप डॉक्टरांना विचारूनच ठरवा.