मतदारांनी निवडायचं की गव्हर्नरने नेमायचं?

अमेरिकेत राज्याचा कामगार आयुक्त, विमा आयुक्त, हिशेब तपासनीस कोणी निवडायचा? नॉर्थ कॅरोलायनात गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभारी) धरून 10 पदं मतदार थेट निवडतात. तिथे शेरी बेरी 2001 ते 2021 कामगार आयुक्त होत्या. लिफ्टची तपासणी त्यांच्या खात्याकडे, म्हणून लिफ्टमधल्या प्रमाणपत्रावर चक्क त्यांचा फोटो! इतका फुकटचा प्रचार आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांनाही जमला नसता. शिवाय पक्षांची खिचडी: 2020 मध्ये गव्हर्नर डेमोक्रॅट, लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे त्याच्या खालोखालचा, रिपब्लिकन. मग खेचाखेची ठरलेलीच.

न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनच्या मराठी मंडळींना असली लांबलचक मतपत्रिका माहीत नाही. न्यू जर्सीत गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर ही जोडी एकाच मतावर निवडून येते. 2009 पूर्वी तर फक्त गव्हर्नर. अ‍ॅटर्नी जनरलसह (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) बहुतेक खातेप्रमुख गव्हर्नर नेमतो, राज्याची सिनेट, म्हणजे विधिमंडळाचं वरचं सभागृह, मंजुरी देते.

मला न्यू जर्सीची पद्धत पटते. विमा आयुक्ताच्या उमेदवारांची माहिती काढत बसतो कोण? बरेच जण पक्ष बघतात आणि मोकळे होतात. काम बिघडलं तर गव्हर्नरलाच जाब विचारता येतो, हे सोयीचं. हिशेब तपासनीस मात्र त्याच्या मर्जीतला नको. न्यू जर्सीतही त्याला विधिमंडळच नेमतं.