ॲट-लोकल केलं आणि तूरडाळीचा भाव चढायला लागला

मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्याचं बिलिंग जावावर चालतं. पावसाळ्यापासून त्यातलं ईजेबी (एंटरप्राइज जावाबीन्स: सर्व्हरवरची कामं 'बीन' नावाच्या तुकड्यांत मांडायची जावाची पद्धत) रोज माझ्याच हाताखाली आहे. ज्यांनी सिस्टम बसवली त्यांनी झाडून सगळे बीन ॲट-रिमोट, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅममधूनही कॉल करता येतील असे, ठेवले होते. भावाची यादी उघडायला फार वेळ लागतो म्हटलं, तर एएमसीवाल्यांचं (वार्षिक देखभालीचा करार असलेल्यांचं) उत्तर तयार: मोठा सर्व्हर घ्या. का घ्यायचा? वेब ॲप आणि बीन एकाच जेव्हीएममध्ये (जावाचा प्रोग्रॅम जिच्यात चालतो त्या यंत्रणेत) आहेत. तरी रिमोट इंटरफेसपायी प्रत्येक कॉलला अख्खी यादी सिरियलाइझ होऊन (बाइट्समध्ये बदलून) तिची कॉपी बनत होती. हा भुर्दंड वाचावा म्हणूनच तर 2001 साली ईजेबी 2.0 मध्ये लोकल इंटरफेस आला!

बीन ॲट-लोकल, म्हणजे त्याच जेव्हीएमपुरतं, केलं. यादी झटकन उघडली, एक पैसाही न लागता. तेव्हा पाच तारे दिले असते.

मग तूरडाळीचा भाव आपोआप चढायला लागला. पानावरचा जुना कोड दाखवण्यापुरती भावात हमाली मिळवायचा. रिमोटमध्ये त्याच्या हाती कॉपी यायची, मूळ भावाला धक्का लागत नसे. लोकलमध्ये रेफरन्स जातो, म्हणजे सिंगलटन बीनच्या (सगळ्यांना मिळून एकच असलेल्या बीनच्या) कॅशमधली खरी वस्तूच. पान जितक्यांदा उघडाल तितक्यांदा हमाली चढणार. आणि कॉल करणारी ओळ दोन्हीकडे अक्षर न अक्षर तीच! समोर कॉपी आहे की मूळ, हे ती ओळ वाचून कळत नाही. माझा राग आहे तो यावर, आणि तो अजून गेलेला नाही. अनमॉडिफायेबल लिस्ट लावून भागत नाही. यादी गोठते, आतली वस्तू नाही. शेवटी भावासाठी जावाचा रेकॉर्ड वापरला, त्याची फील्डं बदलताच येत नाहीत.

रिमोट मुळातून उपटायचं ठरवलं होतं. पण चाकणच्या गोदामातलं डेस्कटॉप ॲप वेगळ्या जेव्हीएमवर चालतं, तिथे लोकलचा उपयोग शून्य. एका बीनसाठी तोच इंटरफेस लोकल आणि रिमोट दोन्ही करता येत नाही, म्हणून मूळ इंटरफेसखाली दोन वेगळे काढले. तिथलं रिमोट आता चोख चालतंय, हे मान्य करायलाच हवं. फक्त बिलाच्या क्लासमध्ये सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा नंबर) हाताने लिहून ठेवा. नाहीतर इकडे एक फील्ड वाढवलं आणि तिकडची जार (तयार कोडची फाइल) जुनीच राहिली, की ऐन गाडी भरायच्या वेळी इनव्हॅलिड-क्लास-एक्सेप्शन ही एरर येते. आणि चाकणहून एकेका मालाचा भाव मागवू नका, अख्खं बिल एकाच कॉलमध्ये पाठवा.