घरी येऊन फिजिओथेरपी: ३०,७५० रुपये गेले आणि आईचा गुडघा अडकला

नाशिकमध्ये ज्यांच्या घरी कोणाचं गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालंय, होणार आहे, त्यांनी हे वाचाच. डिस्चार्जनंतर ‘हॉस्पिटलच्या फिजिओ डिपार्टमेंटमधून बोलतोय’ असा फोन आला तर ठेवून द्या आणि स्वतः हॉस्पिटलला फोन लावून खात्री करा. आमच्याकडून त्या एका फोनने ३०,७५० रुपये नेलेच, पण आईच्या गुडघ्याचे ऑपरेशननंतरचे पहिले आठवडेही नेले. पैसे एक वेळ पुन्हा कमावता येतील, ते आठवडे कुठून आणायचे?

आई निफाड तालुक्यातली, द्राक्षाच्या बागेत आयुष्य गेलेली. खरड छाटणी उरकली की ऑपरेशन करून घ्यायचं आणि गोडी छाटणीला पुन्हा बागेत उभं राहायचं, असा तिचा हिशोब. ऑपरेशन इथेच शहरात झालं आणि ती इंदिरानगरला माझ्याकडे आली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टाके ओले असताना तिला रोज खाली उतरवून रिक्षाने क्लिनिकला न्यायचं कसं? मी आणि हे दोघंही नोकरीला. म्हणून घरी येणारा फिजिओ हवा होता. ‘घरी बोलावलंच कशाला’ म्हणणाऱ्यांनी एकदा ऑपरेशन झालेल्या बाईला तीन जिने उतरवून दाखवावं.

डिस्चार्जच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला. त्या माणसाला आईचं नाव, ऑपरेशनची तारीख, उजवा गुडघा, सर्जनचं नाव, सगळं माहीत होतं. एवढं माहीत असलेला माणूस हॉस्पिटलचा नाही असं कोणाच्या मनात येईल? तीस सेशनचं पॅकेज. एरवी प्रत्येक भेटीचे ८०० म्हणजे २४,००० होतात, आगाऊ भरले तर १८,५००. वर मशीनचं डिपॉझिट ९,५००, ‘परत मिळणार’. आणि व्यायामाचं किट २,७५०. त्यात एक रबरी पट्टा, एक चेंडू आणि पायाला बांधायचं वजन. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. मी विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, क्लिनिकचं करंट अकाउंट आहे.’ आता भाजीवाल्याचा क्यूआर त्याच्या मेव्हण्याच्या नावाचा असतो, मेडिकलवाल्याचा भलत्याच नावाचा. रोज हेच बघणाऱ्या माणसाने तिथे थबकावं ही अपेक्षाच चुकीची आहे. शिक्षणही विचारलं होतं मी. व्हॉट्सअॅपवर शिक्का असलेल्या सर्टिफिकेटचा फोटो आला, ‘फिजिओथेरपी असिस्टंट’ असं काहीतरी.

इथे एक सांगते. बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी आहे, इंटर्नशिप धरून काही वर्षं शिकावं लागतं. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत होते आणि प्रत्येकाला नोंदणी क्रमांक असतो. तो मागा. फोटो नको, क्रमांक मागा आणि पडताळून बघा. ज्या आरोग्य विद्यापीठातून ही पदवी मिळते ते आपल्याच म्हसरूळला आहे. त्याच शहरात हे लोक सर्टिफिकेट दाखवत घरोघर फिरतात, याचा संताप येतो.

तर फिजिओ म्हणून एक मुलगा येऊ लागला. पांढरा कोट, गळ्यात आयकार्ड, ‘काकू’, ‘काकू’ करत गोड बोलणं. आल्या आल्या मशीनचे चिकटपट्टे गुडघ्याभोवती लावायचा, वीस मिनिटं ते मुंग्या आणणारं मशीन चालायचं आणि तो मोबाइल बघत बसायचा. मग कसलंसं तेल घेऊन मांडीपासून पोटरीपर्यंत मालिश. मग वॉकर बाजूला ठेवून आईला हाताला धरून हॉलमध्ये एक चक्कर, तीही दारातल्या पायपुसण्यावरून. तिथे एकदा तिचा पाय सरकला होता. पायपुसणं आम्ही त्याच दिवशी काढलं. तुमच्या घरात असेल तर आजच काढा.

आणि ती उशी. मशीन लावताना तो आईच्या गुडघ्याखाली उशी सरकवायचा आणि जाताना सांगायचा, ‘रात्रीपण अशीच ठेवा, बरं वाटेल.’ पहिल्याच वेळी आई म्हणाली होती, ‘अरे, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय ना?’ त्याने हसून उत्तर दिलं, ‘काकू, ते आधीचं. आता मी आहे ना.’ मी तिथेच होते, चहा घेऊन उभी. आईने माझ्याकडे बघितलं. डिस्चार्जचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता आणि त्यावर ते वाक्य छापलेलं होतं. तो क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. पण विचार करा: समोर कोट घातलेला, रोज हेच काम करणारा माणूस, आई वेदनेने कळवळलेली आणि उशी ठेवल्याबरोबर तिचा चेहरा सैल होतो. उशीने बरं वाटतंच, खोटं नाही. गुडघा किंचित वाकलेला राहिला की दुखणं कमी होतं. आणि तसाच राहिला की तो पुढे पूर्ण सरळ होत नाही. हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण तो फिजिओ नव्हता.

हळूहळू त्याच्या फेऱ्या विरळ झाल्या. ‘गाडी पंक्चर’, ‘द्वारका चौकात ट्रॅफिक’, ‘सर ट्रेनिंगला’. एक दिवस ‘मशीन सर्व्हिसिंगला नेतो’ म्हणून मशीन घेऊन गेला आणि फोन बंद. सेशन निम्मेसुद्धा झाले नव्हते.

सहा आठवड्यांच्या तपासणीला सर्जनने गुडघा बघितला आणि त्यांचा आवाजच बदलला. पाय पूर्ण सरळ होत नव्हता, १५ अंश कमी पडत होते आणि वाकत होता जेमतेम ७० पर्यंत. एवढ्यात ९० च्या पुढे जायला हवा होता. ‘असाच राहिला तर भूल देऊन वाकवावा लागेल,’ ते म्हणाले. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर त्यांनीच सुचवलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. भेटीचे ६००, भेट झाली की द्यायचे, आगाऊ एक रुपया नाही. पहिल्या दिवशी त्यांनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, काढून अंश मोजले आणि वहीत तारखेसह लिहिले. आधीच्याने एकदाही मोजले नव्हते. उशी त्यांनी टाचेखाली ठेवली, गुडघा अधांतरी, आणि आईला गुडघा खाली गादीकडे दाबायला सांगितला: पाच मोजा, सोडा. तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू आकसायला हवा, म्हणून आईचाच हात तिच्या मांडीवर ठेवला. आधी तिथे काही हललंच नाही. पुन्हा पुन्हा केल्यावर हाताखाली बारीकशी गाठ उठली, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग टाच गादीवरून घासत ओढून गुडघा वाकवणं, पाय सरळ ठेवून उचलणं, घोटा वर-खाली, उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं. बर्फ व्यायामानंतर. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. मशीन दुखणं थोडं कमी करेल, त्या म्हणाल्या, पण ताकद स्नायूने काम केल्याशिवाय येत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी ९,५०० डिपॉझिट घेतलं त्याने ताकद येणारच नव्हती.

पोटरीच्या मालिशचं ऐकून तर त्या हादरल्या. या ऑपरेशननंतर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर चोळायची नाही, ताबडतोब डॉक्टरला दाखवायची. आईचा पाय त्या दिवसांत सुजलेला होता आणि तो मुलगा चोळत होता.

आता तक्रारीचं ऐका. हॉस्पिटल म्हणतं, आमचा माणूस नाही. मग पेशंटची माहिती बाहेर गेली कशी? त्यावर ‘लेखी द्या’. लेखी दिलं, उत्तर नाही. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथे ‘सायबरला जा’. सायबरवाले म्हणतात, ‘माणूस प्रत्यक्ष घरी आलाय, तुमच्या ठाण्यातच द्या.’ परत ठाण्यात. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, ‘मॅडम, तो आला होता ना? मालिश केलं ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.’ शिक्षण खोटं सांगून, खोटी ओळख देऊन पैसे उकळले, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? त्यांनी वर ऐकवलं, ‘शिकल्यासवरलेल्या तुम्ही, नीट बघून घ्यायचं.’ म्हणजे आरोपी मीच. शेजारच्या बाकावर एक आजोबा केव्हाचे मोबाइल चोरीची पोच मिळायची वाट बघत होते. माझ्या अर्जावर नुसता आवक शिक्का मिळाला, तोही हट्ट धरला म्हणून. तुम्ही गेलात तर शिक्क्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर वरिष्ठांना लेखी पाठवता येतं आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी वरिष्ठांना पाठवलंय. १९३० ला मात्र पैसे गेल्या गेल्या फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर माहिती मिळते. माझ्याकडे व्हॉट्सअॅपवरचं पॅकेजचं कार्ड, तिन्ही पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि त्या सर्टिफिकेटचा फोटो आहे. चॅट डिलीट करू नका, राग आला तरी.

आईचा गुडघा आता ९५ पर्यंत वाकतो, सरळ व्हायला अजून ५ अंश बाकी आहेत. गोडी छाटणी या वर्षी भावाने एकट्याने केली.

त्या माणसाचा नंबर मध्यंतरी पुन्हा चालू झालाय, नाव वेगळं, फोटोत तोच पांढरा कोट. तुमच्यापैकी कोणी ‘तीस सेशन, १८,५००’ असे भरले असतील तर लाजून गप्प बसू नका. पावती, स्क्रीनशॉट जपा आणि आपापल्या ठाण्यात अर्ज द्या. त्याच ट्रेडर्सच्या खात्याविरुद्ध आणखी अर्ज आले तर ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवणं त्यांनाही जड जाईल.