ग्रीसमध्ये यॉट घेताना आणि सांभाळायला देताना झालेली फसवणूक

आम्ही दोघे भाऊ नोकरीनिमित्त दुबईत राहतो. २०२२ साली ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरील लेफ्कादा बेटावर आम्ही बारा मीटर लांबीची, वापरलेली शिडाची यॉट साठ हजार युरोंना विकत घेतली. त्या व्यवहारात आणि त्यानंतर बोट सांभाळण्याच्या नावाखाली आमची जी फसवणूक झाली ती येथे लिहीत आहे, कारण आखातातील आणखी काही मराठी कुटुंबे त्याच भागात बोट पाहत असल्याचे कानावर आले आहे आणि आम्हाला ठकवणारा दलाल अजूनही तेथेच धंदा करीत आहे.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या माणसाची, संघाबाहेरचा झेंडा असलेली, म्हणजे संघाबाहेरच्या देशात नोंदवलेली खासगी यॉट व्हॅट न भरता १८ महिन्यांपर्यंत संघाच्या पाण्यात ठेवता येते, हे आमच्यासारख्यांना पहिल्या भेटीतच सांगितले जाते आणि ते खरेही आहे. मात्र भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा घेऊन जाणाऱ्या मालकाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच तेथे राहता येते, ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही. बोट तेथे आणि मालक परदेशात, अशा स्थितीत वर्षाचा मोठा भाग जातो. आमच्या बाबतीत बोट विकणारा दलाल, कागदपत्रे करून देणारा एजंट आणि बोट सांभाळणारा रखवालदार हे तिन्ही एकच गृहस्थ होते, आणि माझ्या मते सगळ्या अनर्थाचे मूळ तेच आहे.

बोट पूर्वी चार्टरच्या धंद्यात, म्हणजे पर्यटकांना आठवड्याच्या बोलीने भाड्याने देण्यासाठी वापरली जात होती. ग्रीसमध्ये अशा व्यावसायिक बोटी व्हॅटची माफी घेऊन खरेदी करता येतात, परंतु तीच बोट पुढे खासगी वापरात आली की कर लागू होतो आणि तेथील दर २४ टक्के आहे. जाहिरातीत मात्र ‘व्हॅट भरलेला आहे’ असे ठळक लिहिले होते. पुरावा मागितल्यावर मूळ खरेदीच्या बिलाची झेरॉक्स आली. तिच्यात व्हॅटच्या रकान्यात रक्कम नव्हतीच, तेथे फक्त कायद्याच्या एका कलमाचा क्रमांक होता. ‘कर मिटल्याची हीच नोंद असते’ असे दलालाने छातीठोकपणे सांगितले. पुढे आमच्या वकीलबाईंनी तोच कागद हातात घेऊन दाखवून दिले की ते कलम करमाफीचे आहे. साठ हजारांच्या बोटीवर हा कर १४,४०० युरो होतो, आणि ही रक्कम विकणाऱ्याने नव्हे तर बोट ज्याच्या ताब्यात सापडते त्याने भरावी लागण्याची वेळ येते.

बोटीची तपासणी करणारा सर्व्हेअरही दलालानेच सुचवलेला होता. त्याच्या अहवालात डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांच्या वयाचा उल्लेख नव्हता, आणि नंतर विमा कंपनीने नेमका तोच प्रश्न विचारला.

ग्रीक झेंडा आम्हाला ठेवता येत नसल्याने बोट संघाबाहेरच्या एका देशात नोंदवली होती. विमा कंपनीने कराचा पुरावा मागितला तेव्हा दलालाने पवित्रा बदलला. बोट एकदा संघाबाहेरच्या अल्बानियातील सारांदा बंदरात नेऊन परत आणली की ग्रीक कस्टममध्ये तिची निर्यात आणि पुनःप्रवेश या दोन्ही नोंदी होतात, तुमचे १८ महिने सुरू होतात आणि व्हॅटचा प्रश्नच उरत नाही, असे त्याने सांगितले. सारांदा कोर्फू बेटाच्या समोरच आहे आणि हा मार्ग कायदेशीरही आहे. त्यासाठी त्याने कप्तान, डिझेल आणि बंदराचे शुल्क मिळून ३,८०० युरो घेतले व शिक्का मारलेल्या एका कागदाचा फोटो पाठवला. बोट जागची हललीच नव्हती. निर्यातीची कोणतीही नोंद कस्टमकडे नाही, हे आम्हाला तेथील अधिकाऱ्याने बोटीवर येऊन सांगितले, आणि त्याच दिवशी बोट धक्क्यावरून हलवण्यास मनाई झाली.

देखभालीचे प्रकरण याहून मनाला लागले. महिन्याला २५० युरो घेऊन बोट धुणे, बॅटऱ्या तपासणे, तळाशी साचणारे पाणी उपसणे आणि फोटो पाठवणे असे ठरले होते. फोटो नियमित येत. भावाने एकदा ते सगळे शेजारी शेजारी लावून पाहिले तेव्हा तळाच्या कप्प्यातील पिवळा स्पंज प्रत्येक फोटोत त्याच कोपऱ्यात, त्याच बाजूला दुमडलेला दिसला, म्हणजे एकाच दिवशी काढलेले फोटो आम्हाला महिनोन्‌महिने पुरवले जात होते. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा इंजिनाचे मीटर शंभराहून अधिक तास पुढे गेले होते. खालच्या केबिनमध्ये परक्या लोकांच्या सनक्रीमच्या बाटल्या आणि ओल्या चादरी होत्या. आमच्या पाठीमागे आमची बोट रोखीने भाड्याने दिली जात होती. व्हॅट न भरता तात्पुरती आणलेली बोट संघातील रहिवाशाने भाड्याने चालवली तर ती सवलत मोडते आणि कराचा बोजा मालकाच्या गळ्यात पडू शकतो. सारांदाची नोंद खरी असती तरीही या माणसाने आम्हाला त्याच खड्ड्यात ढकलले असते.

बोट पाहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की दलालाशी ज्याचा पैशाचा संबंध नाही असा स्थानिक वकील आणि सर्व्हेअर आधी स्वतः शोधावा. व्हॅट भरल्याचे मूळ बिल, त्यातील कराची रक्कम आणि बोट संघात मुक्तपणे ठेवता येते हे दाखवणारा टी-टू-एल दाखला वकिलाकरवी कस्टममध्ये पडताळून घ्यावा. जुन्या झेंड्याच्या नोंदवहीतून बोटीचे नाव कमी केल्याचा आणि तिच्यावर कर्ज नसल्याचा दाखला मिळेपर्यंत पैसे वकिलाच्या खात्यातच ठेवावेत. विकणाऱ्याकडे सांभाळायला बोट मुळीच देऊ नये. फोटोऐवजी त्या दिवशीचे मीटर आणि शेजारची बोट दाखवणारा व्हिडिओ कॉल मागावा, आणि किल्ल्यांचा एक जोड मरिनाच्या, म्हणजे बोटी ठेवण्याच्या धक्क्याच्या, कचेरीत सही घेऊन ठेवावा.

कर आणि दंड भरून आम्ही बोट सोडवून घेतली आहे. दलालावरचा दावा लेफ्कादातील न्यायालयात सुरू असून बिलाची झेरॉक्स, तो शिक्क्याचा कागद आणि फोटोंची संपूर्ण मालिका आमच्याकडे आहे. त्या भागात व्यवहार करीत असलेल्या कोणालाही ती दाखवण्याची आमची तयारी आहे.