रत्नागिरीत घेतलेलं पार्थियन ड्राख्म: नाणं उत्तम, लेबल चुकीचं

मे महिन्यात रत्नागिरीतल्या नाण्यांच्या प्रदर्शनात एका स्टॉलवरून हे ड्राख्म, म्हणजे त्या काळचं चांदीचं नाणं, घेतलं, साडेसात हजारांना, आणि अख्खा पावसाळा माझ्याकडे राहिल्यावर आता लिहितोय. नाणं अस्सल वाटतं, पैसे वसूल. सोनाराच्या काट्यावर ३.८ ग्रॅम भरलं.

पण पाकिटावर 'ग्रीक राजा' लिहिलं होतं ते साफ चूक. हा इराणचा पार्थियन राजा, दुसरा ओरोडीस, ज्याच्या सैन्याने इ.स.पू. ५३ मध्ये रोमचा सेनापती क्रॅसस याला धूळ चारली. गोंधळ होतो कारण अक्षरं सगळी ग्रीकच आहेत. पुढे राजाचा चेहरा, डोक्याला ग्रीक राजे बांधायचे तशी फीत, आणि कपाळावर चामखीळ, भिंगातून बघा अगदी स्पष्ट दिसते. मागे धनुष्य घेऊन सिंहासनावर बसलेला माणूस आणि त्याच्याभोवती चौकोनात बिरुदं, 'राजांचा राजा अर्साकेस' पासून 'फिलहेलेन' म्हणजे ग्रीकांचा चाहता इथपर्यंत. ओरोडीसचं नाव कुठेच नाही, कारण त्या घराण्यात नाण्यावर बहुतेक सगळे मूळपुरुष अर्साकेसचंच नाव लावायचे, म्हणून राजा ओळखायचा तो चेहऱ्यावरून.

मला सगळ्यात आवडलं ते धनुर्धाऱ्याच्या पाठीमागचं बारीकसं चिन्ह. नांगर! होडीचा नांगर, आम्हा मिरकरवाडा बंदराजवळ राहणाऱ्यांना लगेच ओळखू आला. हे सेल्युसिड या अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजघराण्याचं चिन्ह, म्हणजे ज्यांच्याकडून इराण घेतला त्यांचीच खूण हे लोक नाण्यावर मिरवतायत. आपल्याकडच्या क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरं आहेत, आणि नाशिकच्या शिलालेखात सातवाहन राजा गौतमीपुत्राने हरवलेले पल्हव म्हणजे पार्थियनच, तेव्हा हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही.

तक्रार आणखी एक, नाणं मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात दिलं होतं. आपल्याकडच्या दमट हवेत महिन्याभरात पाकीट चिकट झालं आणि वास यायला लागला. लगेच काढून कडक कॅप्सूलमध्ये ठेवलं, सोबत सिलिका जेलची पुडी, म्हणून वाचलं. तुम्ही घेतलंत तर घरी आल्या आल्या पाकीट बदला.

लेबलाचं फोन करून सांगितलं तर विक्रेता म्हणाला, ग्रीक म्हटलं की लोक घेतात. मला हे अजिबात पटलं नाही, नवीन मुलं लेबल वाचूनच शिकतात हो. तरी त्याच्याकडे परत जाणार आहे, कारण एक आधीचं ड्राख्म त्याने बाजूला ठेवलंय, त्यात धनुर्धारी सिंहासनावर नाही तर अजून ग्रीक देव अपोलोच्या ओम्फॅलोस नावाच्या पवित्र दगडावरच बसलेला आहे.